बुजलेली मोरी: कांदळवन पुनर्स्थापनेच्या एका विद्यार्थी-प्रकल्पाचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण मुंबईतल्या एका महाविद्यालयातलं आहे. एम.एस्सी. पर्यावरणशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी, तिचा संशोधन प्रकल्प आणि मी तिची मार्गदर्शक. तिचं नाव, महाविद्यालय आणि जागेचा नेमका ठावठिकाणा इथे मुद्दाम दिलेला नाही.

आमच्या अभ्यासक्रमात परिसंस्था पुनर्स्थापना आणि व्यवस्थापन असा एक पेपर आहे. पहिल्याच तासाला मी ‘सोसायटी फॉर इकॉलॉजिकल रिस्टोरेशन’ या आंतरराष्ट्रीय संघटनेची २००४ सालची व्याख्या फळ्यावर लिहिते: बिघडलेल्या, इजा झालेल्या किंवा नष्ट झालेल्या परिसंस्थेला सावरायला मदत करण्याची प्रक्रिया म्हणजे पुनर्स्थापना. या वाक्यातल्या ‘मदत’ या शब्दाकडे मुलांचं लक्ष जात नाही. त्या वर्षी माझंही गेलं नाही.

जागा ठाणे खाडीच्या पश्चिम काठावरची, जुन्या मिठागरांच्या पलीकडची. साधारण दीड एकराचं उघडं खाजण, म्हणजे खाडीकाठची खारी दलदल. तीन बाजूंनी तिवरांची, म्हणजे कांदळवनातल्याच एका जातीची, दाट झाडी आणि खाडीकडच्या चौथ्या बाजूला मुरुमाचा भराव घालून केलेला कच्चा रस्ता. रस्त्याखालून पाणी जाण्यासाठी एक सिमेंटची मोरी. खाजणाच्या आतल्या टोकाला पंधरा-वीस घरांची वस्ती. खाडीचा हा पट्टा आता नावाजलेला आहे. २०१५ साली ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर झालं आणि २०२२ साली त्याला आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, म्हणजे रामसर, दर्जा मिळाला. आमची जागा अभयारण्याच्या हद्दीबाहेर होती, पण पाणी त्याच खाडीचं.

मुंबईकरांनी कांदळवनांकडे गांभीर्याने बघायला सुरुवात केली ती २६ जुलै २००५ नंतर. त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवनांच्या तोडीवर आणि तिथल्या भरावावर बंदी घातली, २०१२ साली राज्याच्या वनविभागात स्वतंत्र कांदळवन कक्ष सुरू झाला आणि २०१८ साली न्यायालयाचा अंतिम निकाल आला. माझी विद्यार्थिनी याच काळात खाडीजवळच्या एका चाळीत वाढली. ‘मॅडम, मला झाडं लावायचीयत,’ हे तिचं पहिलं वाक्य होतं आणि ते मनापासूनचं होतं.

अडचण

जूनमध्ये तिने प्रस्ताव दिला. ऑगस्टमध्ये उघड्या खाजणात कांदळाची ४०० रोपं लावायची, दर महिन्याला मोजायची आणि मार्चमध्ये जगण्याचं प्रमाण मांडायचं. सत्राच्या वेळापत्रकात हे चपखल बसत होतं. आकडे मिळणार होते, आलेख निघणार होता. रोपं फुकट द्यायला एक गट तयार होता. मी सही केली.

जुलैत आम्ही पहिल्यांदा जागेवर गेलो, पौर्णिमेच्या आसपास, सकाळी सातला. खाजणात घोटाभर पाणी होतं. क्षारता मोजली तर हजारी दहाच्याही खाली. समुद्राच्या पाण्यात हजारी ३५च्या आसपास मीठ असतं, म्हणजे हे पाणी बरंच गोडं. चिखल मऊ, ऊन बेताचं. रोपांना याहून चांगली जागा कुठली, असं आम्हाला दोघींनाही वाटलं. चिखलात ओळीने उभ्या असलेल्या वाळक्या काड्या मात्र खटकल्या. आधी दोनदा इथे लागवड झाली होती आणि दोन्ही वेळा सगळी रोपं मेली होती. कारण विचारल्यावर वेगवेगळी उत्तरं मिळाली: गुरं फिरली, प्लास्टिक अडकलं, नंतर कुणी लक्ष दिलं नाही.

परत निघताना बंदरावर जाळं सांधत बसलेल्या एका कोळीकाकांनी तिला हटकलं. ‘पोरी, झाडं लावतेस ती त्या बांधाच्या आत? तिथं पाणी येतं कुठनं?’

ती म्हणाली, ‘काका, आहे की पाणी. घोटाभर आहे.’

‘ते पावसाचं. खाडीचं पाणी येतं का तिथं? मोरी बुजून किती वर्षं झाली! उधाणाला, दुपारचं येऊन बघ.’

हे ‘दुपारचं’ महत्त्वाचं होतं. मुंबईत अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास, म्हणजे उधाणाच्या दिवसांत, भरती दुपारी बारा-एकच्या आसपास आणि मध्यरात्री येते. त्या दिवसांत सकाळी सहा-सातला पूर्ण ओहोटी असते. आमचं क्षेत्रकार्य नेहमी सकाळी सात ते नऊ, कारण दहापासून तास. आणि दिवस निवडायचे ते सुट्टी बघून. तिथी कुणी बघत नसे. अशा वेळापत्रकात उधाणाची दुपारची भरती आमच्यापैकी कुणाच्या दृष्टीला पडणं शक्यच नव्हतं. अनेक वर्षं मी मुलांना खाडीवर नेत होते. खाडी बघायची योग्य वेळ त्या काकांनी एका वाक्यात सांगितली.

महापालिका दर पावसाळ्यात साडेचार मीटरहून मोठ्या भरतीच्या दिवसांची यादी जाहीर करते. तिने ती यादी काढली आणि ऑगस्टमधल्या अशा एका दुपारी माझे दोन तास बदलून आम्ही गेलो. रस्त्याच्या खाडीकडच्या बाजूला तिवरांमध्ये पाणी गुडघ्याच्या वर चढलं. आतल्या बाजूला रोवलेल्या काठीवरची खूण जिथल्या तिथे राहिली. मोरीचं तोंड गाळ, थर्माकोल, चपला, निर्माल्याच्या पिशव्या यांनी गच्च भरलेलं होतं.

आता जुलैतल्या त्या गोड्या पाण्याचा अर्थ उलगडला. बांधामागे कोंडलेल्या खाजणाची वर्षातून दोनदा दोन तऱ्हांनी कोंडी होते. पावसाळ्यात साचलेलं पाणी निघून जात नाही. तिवराची जमिनीतून वर आलेली श्वसनमुळं भरतीला बुडतात आणि ओहोटीला उघडी पडून हवा घेतात. ती आठवडेच्या आठवडे बुडून राहिली तर झाड गुदमरतं. मग हिवाळ्यापासून उलट होतं. नवं पाणी येत नाही, जुनं उन्हाने आटतं आणि मीठ मागे राहतं. आम्ही जागेचा एक हंगाम पाहून तिच्या बारमाही स्वभावाचा निष्कर्ष काढला होता.

समोरचे पर्याय

ऑगस्ट अर्धा सरला होता आणि लागवडीचा हंगाम हातचा जात होता. निर्णय आठवडाभरात घ्यायचा होता.

पहिला पर्याय ठरल्याप्रमाणे लागवड करण्याचा. याच्या बाजूने विभागातून ठाम मत आलं: रोपं मेली तरी मरण्याचं प्रमाण हाही निष्कर्षच आहे, विद्यार्थिनीचं वर्ष वाचेल. हा युक्तिवाद मला बरेच दिवस पटत होता, हे इथे नोंदवायलाच हवं. पण तिने एक प्रश्न विचारला: ‘मरणार हे माहीत असताना लावायची, तर मी नवीन काय शिकणार?’ आधीच्या दोन लागवडींनी तोच निष्कर्ष काड्यांच्या रूपाने तिथे उभा करून ठेवला होता.

दुसरा पर्याय जात बदलण्याचा. कांदळाऐवजी तिवर. मुंबईच्या खाड्यांत सर्वाधिक दिसतं ते तिवरच, आणि खारटपणा सोसण्यात ते चिवट आहे. लागवडीसाठी कांदळ लोकप्रिय, कारण त्याचं झाडावरच रुजलेलं लांब शेंगेसारखं बीज नुसतं चिखलात खोचलं की लगेच रोप लावल्यासारखं दिसतं. पण चिवट जात आणून कोंडलेल्या पाण्याचा प्रश्न सुटत नाही.

तिसरा पर्याय जागा बदलण्याचा. खाडीकडच्या बाजूला चिखल मोकळा होता, भरती-ओहोटी नीट होती. तिथे रोपं नक्की जगली असती. तिथे ती आपोआपही उगवत होती, हे पुढे लक्षात आलं. जिथे गरज नाही तिथे लागवड करून चांगले आकडे मिळवायचे, हे आम्हा दोघींनाही नको होतं.

चौथा पर्याय कोळीवाड्यातल्या तरुणांनी सुचवला: रविवारी फावडी-घमेली घेऊन येतो, मोरी मोकळी करतो. मन लगेच तिकडे ओढलं गेलं. पण भराव दुसऱ्याच्या ताब्यातला आणि कांदळवनाचा सगळा भाग सागरी किनारा नियमन क्षेत्रात सर्वांत कडक गटात मोडतो. तिथे परवानगीवाचून कसलीही खोदाई करणं म्हणजे ज्या कायद्याच्या आधाराने ही झाडं वाचली, तोच मोडणं. आणखी एक कारण होतं. मोरी उघडली की उधाणाचं पाणी खाजणातून वस्तीपर्यंत जाईल. ते कुणाच्या उंबऱ्याला लागेल का, हे कुणी तपासलेलं नव्हतं.

पाचवा पर्याय प्रकल्पाचा प्रश्नच बदलण्याचा. ‘किती रोपं जगतील?’ याऐवजी ‘इथे रोपं आपण होऊन का येत नाहीत?’ असं विचारायचं. याला आधार होता. अमेरिकी तज्ज्ञ रॉबिन लुईस यांनी २००५ सालच्या शोधनिबंधात कांदळवनांसाठी मांडलेला क्रम असाच आहे: आधी झाडाची जीवनपद्धती समजून घ्या, मग पाण्याची ये-जा, मग नैसर्गिक रुजवण कशामुळे अडली ते शोधा, तो अडथळा दूर करा आणि एवढं करूनही बीज येत नसेल तरच लागवड करा. मी हा निबंध दरवर्षी शिकवते. प्रस्तावावर सही करताना मात्र तो मला आठवला नव्हता.

पाचवा पर्याय घेतला. शीर्षक बदलायचा अर्ज दिला. जोखीम तिची होती, कारण वर्षाअखेर दाखवायला एकही झाड असणार नव्हतं. म्हणून शेवटचा शब्द तिचाच ठेवला.

काय केलं

परवानगीपासून सुरुवात केली आणि इथेच वेळ गेला. आमचा पहिला अर्ज अपुरा होता. नकाशा नव्हता, नमुने किती आणि कुठून घेणार हेही लिहिलेलं नव्हतं. दुरुस्त अर्जावर परवानगी मिळेपर्यंत नवरात्र आलं. तोवर तिने रस्त्यावरून दिसेल तेवढंच टिपलं.

पहिलं काम जमिनीची उंची मोजण्याचं. महागडं उपकरण विभागात नव्हतं. तिच्या चाळीतल्या एका गवंड्याकडून तिने लेव्हल काढायची पारदर्शक नळी आणली. पाणी भरलेल्या नळीची दोन टोकं दोन काठ्यांना धरायची आणि पाण्याच्या पातळीतला फरक पट्टीने मोजायचा. इमारतीच्या पायासाठी वापरतात तीच रीत. शेजारची जिवंत तिवरं ज्या उंचीवर आहेत ती संदर्भ मानली आणि उघड्या खाजणाची उंची त्याच्याशी ताडून पाहिली. फरक जेमतेम चार बोटांचा निघाला. म्हणजे जमीन तिवराजोगीच होती. उणीव होती ती पाण्याच्या ये-जा करण्याची. हा निष्कर्ष मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण तो चुकला असता तर पुढे कुणी तिथे भर घालण्याचीही शिफारस केली असती.

दुसरं काम बियांचं. तिवराची फळं पावसाळ्यात पिकून गळतात आणि भरतीबरोबर तरंगत जातात. पाऊस सरता सरता मोरीच्या खाडीकडच्या तोंडाशी, प्लास्टिकच्या ढिगात, तिला ती मूठ-मूठ सापडली. काहींना तिथेच, थर्माकोलवर, मुळं फुटली होती. बांधापासून दहा पावलांवर खाडीच्या अंगाला दोन-दोन पानांची रोपं दाटीने उभी होती. आतल्या दीड एकरात एकही नाही. बीज दारापर्यंत येत होतं आणि दारातच अडत होतं. तिने तिथलं छायाचित्र काढलं आणि त्या दिवसापासून ‘रोपं कुठून आणायची?’ हा प्रश्न आमच्या बोलण्यातून गेला.

तिसरं काम खारटपणाचं. फेब्रुवारीत चिखलावर पांढरी खपली धरली होती. हातभर खड्ड्यात झिरपलेल्या पाण्याची क्षारता हजारी ८०च्या पुढे गेली, म्हणजे समुद्राच्या दुपटीहून जास्त. मोठं तिवर एखादवेळ तग धरेल, नुकतं रुजलेलं रोप नाही.

चौथं काम मूळ आराखड्यात नव्हतंच. वस्तीतल्या बायकांनी तिला विचारलं, ‘मोरी उघडली तर आमच्या घरात पाणी येईल ना गं?’ तिच्याकडे उत्तर नव्हतं. मग तीच गवंड्याची नळी घेऊन तिने घरोघरचे उंबरे मोजले आणि उधाणाच्या पाण्याच्या खुणेशी ताडले. सगळे उंबरे वर निघाले, एक सोडून. त्या घरातल्या आजींना तिने आकडा लपवला नाही. अहवालात लिहिलं: मोरी उघडण्याआधी या घराशी बांधाची उंची वाढवावी लागेल. बोलता बोलता हेही कळलं की वस्तीला खरा जाच साचलेल्या पाण्यातल्या डासांचा आहे. दिवसातून दोनदा भरती-ओहोटीने पाणी हललं तर डासांची पैदास कमी होते, हे सांगितल्यावर बायका स्वतः निवेदनावर सह्या करायला तयार झाल्या.

मार्चमध्ये तिने दोन कागद तयार केले. विद्यापीठासाठी इंग्रजीत प्रकल्प अहवाल, आणि मराठीत एका पानाचा नकाशा: कुठे बुजलं आहे, काय मोकळं करायचं, कुठलं घर आधी सांभाळायचं. तो नकाशा भरावाची जबाबदारी असलेल्या यंत्रणेकडे आणि वनविभागाकडे, वस्तीच्या निवेदनासह गेला.

निष्पत्ती

तोंडी परीक्षेत पहिलाच प्रश्न आला, ‘किती झाडं लावली?’ ती म्हणाली, ‘एकही नाही, सर.’ पुढची वीस मिनिटं ती समजावत राहिली. गुण बरे मिळाले, फार चांगले नाहीत. लागवडीचे आलेख घेऊन आलेल्या एका मुलाला तिच्याहून अधिक मिळाले. मला ते लागलं आणि अजून लागतं, कारण आमच्या गुणपत्रिकेत ‘निदान’ या कामाला रकानाच नव्हता.

जागेवर जे झालं ते असं. पुढच्या वर्षीच्या मे महिन्यात, पावसाआधीच्या नालेसफाईच्या दिवसांत, मोरी यंत्राने साफ झाली. त्या घराशी मातीचा बांधही वाढवला गेला. आमच्या नकाशामुळे की दरवर्षीच्या कामाच्या ओघात, हे मला खात्रीने सांगता येणार नाही. निवेदनाचा पाठपुरावा वस्तीतल्या दोन बायकांनी नेटाने केला होता, एवढं मात्र ठाऊक आहे. जूनच्या उधाणाला पाणी आत शिरलं. पाऊस संपल्यावर आम्ही गेलो तेव्हा मोरीच्या आतल्या अंगाला, पाण्याने आपण होऊन कोरलेल्या बारीक वाटेच्या दोन्ही काठांना तिवराची रोपं उगवली होती. कुणी लावलेली नव्हती. एका कडेला आधीच्या लागवडीतल्या वाळक्या काड्या अजून उभ्या होत्या.

सगळं खाजण सावरलेलं नाही. मोरीजवळचा साधारण तिसरा हिस्सा हिरवा झाला. मधल्या भागात तुरळक रोपं आहेत. वस्तीकडच्या टोकाला पाणी पोचत नाही आणि हिवाळ्यात तिथे अजून मीठ फुलतं. शिवाय प्लास्टिक पुन्हा येतं. दुसऱ्या पावसाळ्यानंतर मोरीचं तोंड अर्धं भरलेलं होतं.

विद्यार्थिनी आता किनारी सर्वेक्षणाच्या एका कामावर क्षेत्र-सहायक आहे.

पुन्हा करायचं झालं तर

सर्वांत आधी मी विषयाला मंजुरी देण्याची तारीख बदलेन. जूनमध्ये विषय ठरवायचा आणि जुलैत जागा बघायची, हा क्रम उलटा आहे. पुनर्स्थापनेचा विषय घेणाऱ्यांनी पहिल्या वर्षाच्या उन्हाळ्यातच जागा बघायला हवी, म्हणजे कोरडा आणि ओला असे दोन्ही हंगाम प्रकल्पात येतील. निसर्गाचा हिशेब सत्रांत बसत नाही. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातली कारवी २०१६ नंतर थेट २०२४ साली सामूहिक फुलली. मधल्या वर्षांत किती तुकड्या तिचं फूल न बघता पदवीधर झाल्या. तो काळ आपण बदलू शकत नाही, पण निदान एक वर्ष सलग पाहायला मिळेल एवढी सोय वेळापत्रकात करता येते. मी ती मागितली आहे. उधाणाच्या दिवशी दुपारचे तास रद्द करून क्षेत्रकार्य ठेवायला विभागाने मान्यता दिली, हे त्यातलं पहिलं पाऊल.

कोळीकाकांशी गाठ योगायोगाने पडली. ती पहिल्या दिवशी ठरवून घ्यायला हवी होती. खाडीत रोज उतरणाऱ्या माणसाशी बोलणं हा आता आमच्या क्षेत्रकार्याच्या वहीतला पहिला रकाना आहे. तिच्या अहवालात काकांची माहिती ‘स्थानिकांशी चर्चा’ अशा दोन शब्दांत उरकली गेली, हीसुद्धा माझी चूक. मोरी कधीपासून बुजली, आधी तिथे कोणते मासे आत यायचे, मिठागराची उघाडी, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडायचं दार, कुठे होती, हे सगळं त्यांना ठाऊक होतं. ते तारखांसह लिहून घेतलं असतं तर जागेचा इतिहास आमच्या हाती असता.

वस्तीकडेही आम्ही उशिरा गेलो. उंबरे मोजण्याचं काम सप्टेंबरमध्ये झालं असतं तर निवेदन सहा महिने आधी गेलं असतं आणि एक पावसाळा वाचला असता.

एका निर्णयाबद्दल माझं मन अजून पूर्ण स्थिर नाही. कोळीवाड्यातल्या तरुणांना आम्ही थांबवलं ते बरोबरच होतं, पण नुसतं थांबवून पाठवलं. त्यांच्या उत्साहाला परवानगीच्या अर्जात जागा देता आली असती. श्रमदानाची तयारी आहे असं लिहून त्यांच्या सह्या घेता आल्या असत्या. मोरीचं तोंड पुन्हा भरतंय तेव्हा दर महिन्याला ते साफ करायला तेच पुढे यायला हवे आहेत, आणि आता त्यांना बोलवायला मला संकोच वाटतो. यंदा गणपतीनंतर बंदरावर जाऊन मी हे त्यांच्याशी बोलणार आहे.

वस्तीकडच्या कोरड्या टोकाचं काय करायचं, हे या वर्षीच्या विद्यार्थ्यापुढे आहे. एक मार्ग म्हणजे रीतसर परवानगी काढून हाताने एक उथळ चर खणायचा आणि पाणी तिथवर न्यायचं. दुसरा म्हणजे पाण्याने स्वतः कोरलेली वाट आणखी दोन पावसाळे वाढते का, ते बघत थांबायचं. मुलगा चर खणायच्या बाजूचा आहे. मी त्याला आधी गेल्या तीन उधाणांना ती वाट किती पुढे सरकली ते मोजून आणायला सांगितलं आहे. गवंड्याची नळी तिने विभागाला देऊन टाकली होती, ती त्याच्याकडे आहे.